मॉडेलातली गल्ली

मॉडेलवर बसडेपोच्या मागे आता फक्त गवत पेरायचं राहिलं होतं. मॉडेलवाल्याने हिरव्या रंगात घोळवून वाळवलेला लाकडाचा भुसा चाळणीत ओतला आणि ओल्या गोंदावर चाळणी हलकेच हलवली. जिथे त्याचं लहानपण गेलं ती गल्ली दोन-चार हिसक्यांत हिरवीगार झाली. जास्तीचा भुसा त्याने फुंकर मारून उडवला, झाडांचा डबा जवळ ओढला आणि चिमट्याने पहिलं झाड उचललं.

या धंद्याचा एक शिरस्ता आहे. शहरात जे आहे आणि राहणार आहे ते पांढऱ्या फोमचं करायचं. जे नव्याने होणार ते लाकडी रंगाचं. आणि जे जाणार ते करायचंच नाही. नकाशा समोर ठेवून काम करताना हात ते आपोआप वगळत जातो, तांदळातले खडे वगळावेत तसं. इतक्या वर्षांत आपण किती घरं वगळली असतील असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. या खेपेला हात अडखळला होता. पण अडखळला तरी काम नेटकंच झालं होतं, आणि याचा त्याला स्वतःचाच राग येत होता.

मॉडेल पालिकेच्या दालनात मधोमध मांडलं होतं. भिंतींवर नव्या शहराची उद्दिष्टं ठळक अक्षरांत लावलेली होती. स्वच्छ हवा. वेळेवर बस. पुरेसं पाणी. प्रत्येक घरापासून चालत जाता येईल अशी बाग. कारभारात लोकांचा सहभाग. वाचून वाटावं, असं शहर असेल तर माणसाने दुसरा जन्मसुद्धा इथेच मागून घ्यावा.

नगररचना विभागाच्या प्रमुख बाई हातात चहाचा पेला घेऊन आल्या आणि वाकून बघायला लागल्या. बाई सरळ होत्या. कामात चोख, बोलायला स्पष्ट. पालिकेत अशी माणसं फारशी टिकत नाहीत, या टिकल्या होत्या.

"ही बाग छान उठून दिसतेय," त्या म्हणाल्या. "त्या भागात सावलीला एक झाड नाही हो. मुलं बंद डेपोच्या भिंतीवर चढून खेळतात."

"इथे घरं आहेत, मॅडम."

"माहीत आहे. म्हणूनच मी डेपोचं मैदान मनात धरून ठेवलंय. नाहीतरी ओसच पडलंय. पण ती जागा बसखात्याची. मागायला गेले तर विचारतील, कशाला हवी? त्या गल्लीतून भरपूर हरकती आल्या की मला दाखवायला कारण मिळेल. मग बाग मैदानावर सरकवता येते."

"आणि नाही आल्या तर?"

"न यायला काय झालं? लोक घरासाठी भांडतातच. उद्घाटनानंतर महिनाभर मुदत आहे." बाईंनी पेला रिकामा केला. "मी आपण होऊन सरकवली तर वर कोणी ऐकणार नाही. लोकांनी बोलायला हवं."

त्याने मान हलवली आणि झाड लावलं. माझं घर त्याच गल्लीत आहे, वडील अजून तिथेच राहतात, हे त्याने काम घेतानाच सांगायला हवं होतं. पण ज्याचा संबंध आहे त्याला पालिका काम देत नाही, आणि एवढं मोठं काम त्याच्याकडे पूर्वी कधी आलं नव्हतं. तेव्हा तो गप्प बसला, आणि एकदा गप्प बसलं की पुढचं बोलणं अवघड होऊन बसतं.

वडिलांना सगळे नाना म्हणत. सिटीबसमध्ये कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती. चुकीच्या थांब्यावर त्यांनी कोणाला उतरू दिलं नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि गल्लीत आजही कोणती गोष्ट खरी, कोणती खोटी हे नानांना विचारून ठरत असे. डेपोमागे काहीतरी होणार अशी कुणकुण लोकांना लागली होती. नोटीसही निघाली होती, पण ती सर्व्हे नंबर आणि चतुःसीमांच्या भाषेत, वाचणाऱ्याला घेरी यावी अशी. शेजारच्या निवृत्त सरांनी सावधगिरी म्हणून सगळ्यांच्या हरकती लिहून, सह्या घेऊन ठेवल्या होत्या. नाना म्हणाले होते, थांबा. पोरगाच मॉडेल करतोय. मी डोळ्यांनी बघतो, मग ठरवू.

फोनवर त्यांनी दोन-तीनदा विचारलंही होतं.

"आपला भाग झाला का रे?"

"अजून नाही, नाना. तिकडे नंतर येणार आहे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोने त्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि समोर बसली. ती सहसा समोर बसत नसे, तिला सकाळी घाई असे.

"उद्या ते तिथे उभे राहून घर शोधतील," ती म्हणाली. "चारचौघांत. त्याआधी सांगा."

"फोनवर कसं सांगू?"

"मग जाऊन सांगा. आणि त्या हरकती द्यायला सांगा. मॅडमनी स्वतः तुम्हाला वाट दाखवलीय, अजून काय हवं?"

तो संध्याकाळी गेला. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या मावशींची टपरी होती. तिथे नाना बाकावर बसून आपल्या शर्टावर लक्ष ठेवून होते.

"कॉलर नीट करा," ते मावशींना सांगत होते. "उद्या साहेब लोकांत उभं राहायचंय."

"कंडक्टर, तुमचा मुलगा आहे म्हणून मनापासून करतेय. नाहीतर एवढी कटकट कोणाची ऐकत नाही मी." मावशींनी त्याला पाहिलं. "हा बघा आला. काय रे, आमची टपरी घेतलीस का तुझ्या शहरात? का आम्हाला बाहेर ठेवलंस?"

नाना हसले. त्यांनी बाकावर सरकून त्याला जागा केली आणि त्याच्या मांडीवर हात ठेवला. त्यांच्या घरातून आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठं काम केलं होतं, ते बघायला उद्या ते जाणार होते. मुलाच्या मनात सगळी वाक्यं तयार होती. ती तयारच राहिली. थोड्या वेळाने तो उठला आणि उद्या लवकर यायला सांगून निघाला.

दुसऱ्या दिवशी मॉडेलवर काच बसवणारे नाश्त्याला गेले तेव्हा त्याने पिशवीतून डबी काढली. घरी उरलेल्या फोमची त्याने गल्ली कापून आणली होती. समोरासमोर दोन ओळी, नानांचं कोपऱ्यावरचं घर, जिना बाहेरून असलेलं सरांचं घर, आणि नखाएवढी टपरी. झाडं उपटून त्याने घरं चिकटवली. त्याचं काम सुबक होतं, हे कोणीही मान्य केलं असतं. आजचा दिवस निभावून न्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. उद्या-परवा नानांना एकट्याला गाठून खरं सांगू, हरकती देऊ, महिना पुष्कळ आहे. मग काच आली, चारी बाजूंनी स्क्रू आवळले गेले, आणि आता आत हात घालायचा तर पालिकेची परवानगी लागणार होती.

पाहुण्यांनी फीत कापली आणि उड्डाणपुलाकडे बघून माना डोलावल्या. मॉडेल बघणारा माणूस आधी सगळ्यात उंच गोष्ट बघतो, मग पाणी, मग स्वतःचं घर. पाहुण्यांची घरं डेपोकडे नव्हती, त्यामुळे तिकडे कोणी फिरकलं नाही. बाई तर भाषण करून माणसांच्या गराड्यात अडकल्या.

नाना, सर आणि मावशी असे तिघं आले होते. नानांनी डेपो शोधला आणि तिथून बोट काचेवरून सरकवत मागे आणलं.

"हे बघा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "हे बघा, मी. हे सर. हा जिनासुद्धा आहे."

"अगं बाई, टपरी," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पदराने काच पुसली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून खाली वाकून खात्री करून घेतली. "पांढरं म्हणजे राहणार," त्यांनी बाजूची पाटी वाचून सांगितलं. "लाकडी म्हणजे नवीन. आपण पांढरे आहोत."

नानांनी मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत इतका आनंद होता की मुलाने नजर काचेकडे वळवली, आणि तरी क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग नाना म्हणाले, "आलोच. आपल्याकडे बस येणार का तेवढं विचारतो." कंडक्टर माणूस, दुसरं काय विचारणार. ते गर्दीतून वाट काढत बाईंच्या दिशेने गेले. परत आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं, पेलाभर पाणी सावकाश प्यायले आणि म्हणाले, "चला, निघू. उन्हं चढतील."

पुढच्या दिवसांत त्याने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा फोन केला.

"नाना, त्या मॉडेलाबद्दल जरा बोलायचं होतं."

"छान झालंय. सगळे नाव काढतात तुझं. इथे नळावर भांडण लागलंय, ठेवतो."

एकदा गेला तर नाना सरांबरोबर दवाखान्यात गेलेले. मग दुसऱ्या शहराचं काम आलं, त्याची मापं घ्यायला बाहेरगावी जावं लागलं. बायको विचारायची, सांगितलंत का. तो म्हणायचा, या रविवारी. सरांनी हरकती लिहून ठेवल्यात म्हटल्यावर ते त्या देणारच, काही झालं तरी सर शिस्तीचे आहेत, असंही त्याने स्वतःला पटवून दिलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो, आणि तो तर थर्माकोलचे डोंगर खरे भासवणारा माणूस. महिना असाच सरला.

मुदत संपल्यावर दोन दिवसांनी मॉडेलातला एक पूल निखळला म्हणून पालिकेतून बोलावणं आलं. काच उघडलेली बघून, कोणी ती घरं पाहिली की काय, अशी त्याला धास्ती वाटली. पण दालनात शिपायाशिवाय कोणी नव्हतं. त्याने पूल चिकटवला. शिपायाची पाठ होती तेव्हा पात्याने गल्ली उचकटली आणि खिशात घातली. मग तो बाईंच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेला.

"हरकती भरपूर आल्या असतील," तो म्हणाला. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता.

"ढीग आलाय. नदीकाठच्या लोकांनी तर मोर्चा आणला." बाई सही करता करता थांबल्या. "तुमच्या त्या डेपोमागच्या बागेचं मात्र आश्चर्य वाटलं मला. एक हरकत नाही. एकही नाही. मी बसखात्याला पत्राचा मसुदासुद्धा करून ठेवला होता."

"आता दिल्या तर?"

"आता कशा घेणार? नदीवाल्यांच्या उशिराच्या घेतल्या नाहीत, मग यांच्या कशा घेऊ?" त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "लोकांनाच बाग हवी असेल. काय सांगावं."

तो तिथून तडक डेपोमागे गेला. आता सांगितल्याशिवाय परतायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. लोकांनी शिव्या दिल्या तरी चालतील, नानांनी तोंड बघायचं नाही म्हटलं तरी चालेल. गल्लीत हातोड्याचे आवाज येत होते. सरांच्या जिन्याला नवा कठडा लागत होता. मावशींच्या टपरीचं जुनं छप्पर काढून खाली ठेवलं होतं आणि नवे कोरे पत्रे भिंतीला टेकवून उभे होते.

नाना घरात खाटेवर बसले होते. भर दुपारी दार लोटून, अंधारात. गेल्या महिनाभरात ते उतरलेले दिसत होते.

"नाना," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मॉडेलात मी आपली गल्ली खोटी लावली होती."

"बस," नाना म्हणाले.

तो बसला.

"मला त्याच दिवशी कळलं. मी त्या बाईंना विचारलं, डेपोमागे बस येणार का. त्या म्हणाल्या, तिथे कशाला बस, तिथे बाग आहे. अगदी कौतुकाने सांगितलं रे त्यांनी. मला म्हणाल्या, काका, तुम्ही कुठे राहता? मी म्हटलं, लांब."

बाहेर कोणीतरी पत्रा आपटला. नाना तो आवाज विरेपर्यंत थांबले.

"प्रत्येक घराजवळ बाग हवी म्हणतात. एवढी जवळ?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"मग तुम्ही कोणाला काही सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? हरकत द्यायला हे सगळे गेले असते. सरांनी पहिलंच वाक्य लिहिलं असतं, मॉडेलात तर आमची घरं आहेत. मग पालिकेने काच उघडून बघितलं असतं. मग विचारलं असतं, हे कोणी लावलं." नानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "तुझं नाव लिहिलंय खाली पाटीवर. मी वाचलं ना. एवढ्या वर्षांनी तुझं कुठेतरी नाव लागलं. तुला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं."

"मी दुसरं काहीतरी केलं असतं, नाना."

"आता म्हणतोस." त्यांचा आवाज कडक झाला. "महिनाभर मी वाट बघितली, तू येऊन सांगशील म्हणून. तू आला असतास तर दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असतं. तू फोन केलास की माझी छाती धडधडायची, आता हा बोलणार आणि मला ठरवावं लागणार. म्हणून मीच ठेवून द्यायचो. दोघं एकाच माळेचे."

तो मान खाली घालून बसला. त्याला रडावंसं वाटलं, पण ज्या माणसाने महिनाभर गल्लीला तोंड दिलं त्याच्यापुढे रडायचा आपल्याला हक्क नाही, असंही वाटलं.

"ते मला रोज विचारायचे," नाना म्हणाले. "कंडक्टर, कागद द्यायचे का? मी म्हणायचो, मॉडेलात आपण आहोत ना, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना. सरांनी शेवटच्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, राहू दे." मग त्यांनी मान वर केली. "एक खरं सांग. तू त्या ऑफिसात आत-बाहेर असतोस. दिल्या असत्या हरकती, तर फरक पडला असता का? कोणाच्या हरकतीने कधी काही झालंय? जायचं ते गेलंच असतं ना?"

त्यांचे डोळे मुलाच्या तोंडावर खिळले होते. असं काकुळतीला आलेलं त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "काही फरक पडला नसता. त्यांचं ठरलेलंच होतं."

नानांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. "मला तेच वाटलं," ते म्हणाले. "मग ठीक आहे. मग एवढं काही नाही." आणि बऱ्याच दिवसांनी पाठ टेकायला मिळावी तसे ते भिंतीला टेकले.

दार ढकलून मावशी आत डोकावल्या. त्यांच्या हातांना गंज लागला होता आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"कंडक्टर, मुलगा आलाय ना? त्याला जरा पाठवा बाहेर. पत्रा लांब आहे, एकटीने उचलत नाही. आता राहायचंच आहे तर धड छप्पर तरी घालू म्हटलं."

मॉडेलवाला उठला. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. मावशींनी पत्र्याचं एक टोक धरलं, दुसरं त्याला दाखवलं आणि सांगितलं, सांभाळून, कड नवी आहे, हात कापेल.

त्याने दुसरं टोक धरलं आणि पत्रा वर उचलला.